कृत्रिम पायाचे अस्तर

कृत्रिम पाय म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम त्याचे पाऊल उभे राहते. ते खऱ्या पावलासारखे दिसते काय, त्यावर बूट चढतो काय, अनवाणी चालता येते काय, असे प्रश्न आपण विचारतो. शिबिरात पाय वाटले जातात तेव्हा छायाचित्रही बहुधा पावलांचेच निघते. परंतु जो मनुष्य तो पाय रोज घालतो त्याला विचारावे, तर तो पावलाकडे बोट दाखवीत नाही. गुडघ्याखाली जेथे त्याचे स्वतःचे अंग संपते आणि कारखान्यातला पाय सुरू होतो, तेथे तो बोट ठेवतो. त्याचे सारे सुखदुःख त्या जागी असते. तेथे कातडी आणि कठीण प्लॅस्टिक यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा एक मऊ थर बसवितात. तंत्रज्ञ त्याला ‘लायनर’ म्हणतात. आपण अस्तर म्हणू. कोटाचे कापड कितीही भारी असले तरी अस्तर बोचरे असेल तर कोट खुंटीवरच राहतो. पायाचेही तसेच होते.

या अस्तराचे काम काय, ते कोठे कमी पडते, ते सुधारण्यासाठी आपल्या देशात आणि बाहेर काय झाले, आणि पाय देणाऱ्याने व घेणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, एवढ्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे. आपल्यासारख्या ट्रस्टचे सभासद अशा कामाला वेळोवेळी हातभार लावतात. तेव्हा दिलेला पाय खरोखर चालतो की पलंगाखाली पडून राहतो, हा प्रश्न आपलाही आहे. विवेचन वर्गात करावे तसे सोपे ठेवले आहे.

उरलेल्या पायावर पडलेले नवे काम

पाय कापावा लागण्याची आपल्याकडे मुख्य कारणे दोन. एक अपघात आणि दुसरे मधुमेहाने बिघडलेला रक्तपुरवठा व त्यातून न भरणारी जखम. कारण कोणतेही असो, शस्त्रक्रियेनंतर जो भाग उरतो त्याला तंत्रज्ञ ‘स्टंप’ म्हणतात. मला तो शब्द कोरडा वाटतो, म्हणून येथे ‘उरलेला पाय’ असेच म्हटले आहे. हा उरलेला पाय ज्या कठीण वाटीत बसतो ती ‘सॉकेट’. सॉकेटखाली नळी आणि नळीखाली पाऊल, अशी ही रचना असते.

आता निसर्गाची योजना पाहा. आपल्या तळपायाची कातडी जाड असते आणि टाचेखाली चरबीची गादी असते. जन्मभर शरीराचे ओझे वाहण्यासाठीच ती घडलेली आहे. पोटरीची आणि नडगीवरची कातडी मात्र पातळ असते. तिच्यावर कधी ओझे आलेले नसते. नडगीवर तर कातडीखाली लगेच हाड लागते. पाय गेल्यानंतर तळपायाचे काम एकाएकी या नाजूक कातडीवर येऊन पडते.

किती काम, ते हिशेबाने पाहू. ६० किलो वजनाचा माणूस दिवसाला ५,००० पावले चालला, तर त्यांपैकी २,५०० पावले कृत्रिम पायावर पडतात. प्रत्येक पावलाला एकदा पूर्ण वजन त्या पायावर येते. २,५०० गुणिले ६० म्हणजे दिवसाकाठी दीड लाख किलो. वेगाने चालताना टाच टेकते तेव्हा भार वजनापेक्षाही थोडा वाढतो, तो वेगळाच. एवढे ओझे रोज त्या वीतभर कातडीतून जाते. अस्तर बसवावयाचे ते या ओझ्याला सांभाळून घेण्यासाठी.

तीन त्रास आणि तीन सोपे प्रयोग

या कातडीला तीन गोष्टींपासून जपावे लागते. तिन्ही समजण्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगे प्रयोग आहेत. मुलांकडून जरूर करवून घ्यावेत.

पहिला त्रास दाबाचा. पेन्सिलीचे टोक तळहातावर दाबा, मग तिची मागची बोथट बाजू तेवढ्याच जोराने दाबा. जोर तोच, परंतु टोक बोचते आणि मागची बाजू बोचत नाही. भार जितक्या लहान जागेवर एकवटेल तितका दाब अधिक. नडगीची धार आणि कापलेल्या हाडाचे टोक ही उरलेल्या पायातील पेन्सिलीची टोके होत. अस्तर मऊ असले की ते उंचवट्याभोवती सरकते, खळगे भरून काढते आणि भार अधिक जागेवर पसरवते.

दुसरा त्रास ओढाताणीचा. तळहात टेबलावर घट्ट दाबून ठेवा आणि न उचलता पुढे ढकलण्याचा प्रयत्न करा. हात जागचा हलत नाही, पण कातडी आतल्या हाडावरून ओढली जाते. हे वरून दिसत नाही. आत मात्र कातडीचे थर एकमेकांवरून ताणले जातात. नव्या चपलेने फोड येतो तो असाच. सॉकेटमध्ये उरलेला पाय प्रत्येक पावलाला थोडा खाली उतरतो आणि पाय उचलताना थोडा वर येतो. दिवसाला २,५०० वेळा ही वरखाली चालते. चांगले अस्तर कातडीला चिकटून राहते, आणि जी हालचाल व्हावयाची ती अस्तराच्या आत किंवा अस्तर आणि सॉकेट यांच्यामध्ये होऊ देते.

तिसरा त्रास उष्णता आणि घाम यांचा. मनगटाशी प्लॅस्टिकची पिशवी बांधून दहा मिनिटे उन्हात चालून या. पिशवी काढली म्हणजे हात ओला आणि कातडी मऊ, सुरकुतलेली दिसेल. फोम, सिलिकोन आणि सॉकेटचे प्लॅस्टिक हे तिन्ही पदार्थ उष्णतेचे मंदवाहक आहेत. आतली उष्णता बाहेर पडत नाही. घामाची वाफ झाली तर कातडी थंड व्हावी, पण वाफेला वाट नाही. त्यातच पाय गमावलेल्या माणसाला तेवढ्याच अंतरासाठी अधिक शक्ती खर्च करावी लागते, म्हणून घामही अधिक येतो. मोजमापे घेणाऱ्यांना असे आढळले आहे की, अर्धा तास चालल्यावर आतल्या कातडीचे तापमान सुमारे तीन अंश सेल्सियसने चढते, आणि नंतर तासभर बसून राहिले तरी ते पूर्वस्थितीवर येत नाही. हे प्रयोग थंड देशातील प्रयोगशाळांत झाले. हैदराबादचा एप्रिल-मे, चाळीस अंशांवर गेलेला पारा आणि रस्त्यावरून चढणारी धग लक्षात घेतली म्हणजे आपल्याकडील माणसाच्या हालांची कल्पना करता येते.

हे तिन्ही त्रास एकमेकांना बळ देतात. ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडी ओढाताणीने लवकर फाटते, आणि फाटलेल्या जागी थोडासा दाबही सहन होत नाही.

सकाळचा पाय आणि दुपारचा पाय

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उरलेल्या पायाचा आकार दिवसभर सारखा राहत नाही. चालताना दाबामुळे त्यातील पाणी वर ढकलले जाते आणि तो हळूहळू आक्रसतो. सॉकेट मात्र कठीण. ते आक्रसत नाही. परिणामी सकाळी नीट बसलेला पाय दुपारी सैल होतो. उरलेला पाय सॉकेटमध्ये खोल उतरतो आणि हाडाचे टोक तळाशी आदळू लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात तर सूज उतरल्यामुळे आणि स्नायू बारीक झाल्यामुळे हा फरक कायमचाच पडत जातो.

आमच्या वस्तीत शिंपीकाम करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. सारी मुले त्यांना चाचा म्हणतात. एका शिबिरात त्यांना पाय मिळाला, पण तो ईद आणि लग्नकार्य एवढ्यापुरताच अंगाला लागे, एरव्ही कुबडी. “पाय चांगला आहे हो मास्तर, पण जोहरच्या नमाजापर्यंतच तो माझा असतो. नंतर आग होते,” असे ते म्हणत. शिबिर उठून गेले होते, विचारावे कोणाला? पुढे एका जाणकार तंत्रज्ञाने पाहिले तेव्हा पायात दोष काहीच निघाला नाही. दुपारनंतर अस्तरावरून एक पातळ मोजा अधिक चढवावयाचा, एवढेच त्यांना कोणी शिकविले नव्हते. सॉकेटची एक कड थोडी घासून दिली आणि मोज्यांचे दोन जोड दिले. आता ते सायंकाळपर्यंत यंत्रावर बसतात आणि पायट्यालाही तोच पाय लावतात. जेथे दोष खरोखर मोठा असतो तेथे उपाय इतका स्वस्त नसतो, हे खरे. परंतु कितीतरी पाय अशा लहान कारणासाठी कोपऱ्यात पडून राहतात.

आपल्या देशातील काम

कृत्रिम पायांचे काम आपल्याकडे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी पुण्यास १९४४ साली लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. ते आजही चालू आहे. मुंबईस हाजीअली येथे १९५५ साली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. कानपूरला सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे ते पाऊल तयार केले, जे पुढे ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर गेले. उकिडवे बसणे, मांडी घालणे, अनवाणी चालणे, चिखलात उतरणे या आपल्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून ते घडविले होते. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविले. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या सर्व कामात पावलाला आणि नळीला मोठे यश आले. अस्तराच्या जागी मात्र बहुधा सुती मोजा किंवा साध्या फोमचा थर राहिला. त्याला कारणही होते. लाखो लोकांना पाय द्यावयाचा तर किंमत खाली ठेवणे भाग होते.

आपल्या हैदराबादचा भाग यात अभिमानाचा आहे. पंजागुट्ट्याची निम्स ही संस्था मुळात निजामांच्या ट्रस्टने उभारलेल्या अस्थिरोग रुग्णालयातून वाढली. डॉ. अब्दुल कलाम १९८२ साली येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले. अग्नी क्षेपणास्त्रासाठी तयार केलेला अत्यंत हलका पदार्थ निम्सच्या एका अस्थिशल्यविशारदांनी हातात घेऊन पाहिला आणि ते कलामांना रुग्णालयात घेऊन गेले. तेथे लहान मुले तीन किलोहून जड लोखंडी कॅलिपर ओढीत चालत होती. तीन आठवड्यांत प्रयोगशाळेने सुमारे ३०० ग्रॅमचे कॅलिपर करून दिले. मुलांच्या आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले, ही आठवण कलाम पुढे अनेक भाषणांतून सांगत. कॅलिपर हा कृत्रिम पाय नव्हे; तो अशक्त पायाला दिलेला आधार आहे. परंतु वस्तू वापरणाऱ्याच्या अंगाला ती कशी लागते हे शास्त्रज्ञाने स्वतः जाऊन पाहिले, तेव्हा कामाची दिशा बदलली, हा धडा आपल्या विषयालाही लागू पडतो.

त्याच प्रयोगशाळेने बीबीनगरच्या एम्स संस्थेबरोबर कार्बन फायबरचे एक पाऊल तयार केले. ते २०२५ च्या जुलै महिन्यात प्रसिद्ध झाले. त्याची १२५ किलो भारापर्यंत चाचणी झाली आहे. परदेशी बनावटीच्या अशा पावलाला सुमारे दोन लाख रुपये पडतात. हे २०,००० रुपयांच्या आत तयार व्हावे अशी अपेक्षा आहे. पाऊल असे स्वस्त आणि हलके होत चालले, ही आनंदाची गोष्ट होय. आता तीच दृष्टी वरच्या अस्तराकडे वळली पाहिजे.

अस्तराचा इतिहास

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात गुडघ्याखालील सॉकेटचा शास्त्रीय अभ्यास झाला. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर अधिक भार घ्यावा आणि नाजूक जागा मोकळ्या ठेवाव्यात, असे त्या पद्धतीचे सूत्र होते. तिच्यात आत फोमचे अस्तर बसवीत. ही पद्धत जगभर पसरली आणि आजही पुष्कळ ठिकाणी चालते.

पुढचे मोठे पाऊल आइसलँडमध्ये पडले. ओसूर क्रिस्टिन्सन हे स्वतः जन्मापासून पायाने अधू होते आणि कृत्रिम अवयव बनविण्याचा व्यवसाय शिकलेले होते. त्यांनी मोज्यासारखे उलटून पायावर गुंडाळीत चढवावयाचे सिलिकोनचे अस्तर तयार केले आणि १९८० नंतरच्या दशकात ते बाजारात आणले. हे अस्तर कातडीला धरून राहते. त्याच्या तळाला बसविलेली पिन सॉकेटमधील कुलपात अडकते आणि पाय निसटत नाही. पट्टे बांधण्याची गरज उरली नाही. भारही ठराविक जागांवर न टाकता सर्व पृष्ठभागावर वाटून देता येऊ लागला. आपल्या अडचणीचा उपाय स्वतः त्या अडचणीतून गेलेल्या माणसाने शोधावा, याचे हे ठळक उदाहरण आहे.

कोणते अस्तर कोणाला

आज मुख्यतः चार प्रकारची अस्तरे वापरात आहेत.

फोमचे अस्तर स्वस्त असते. कार्यशाळेतच उरलेल्या पायाच्या साच्यावर गरम करून बनविता येते, आणि जेथे टोचते तेथे घासून दुरुस्त करता येते. मात्र काही महिन्यांच्या वापराने ते दबते व पातळ होते.

सिलिकोनचे अस्तर टिकाऊ, धुण्यास सोपे आणि कातडीला चांगले धरून राहणारे. पिन लावण्यास ते सोयीचे. ज्यांचा उरलेला पाय मांसल आणि भक्कम आहे त्यांना ते मानवते.

तेलमिश्रित जेलचे अस्तर फार मऊ असते. हाडे वर आलेली, शस्त्रक्रियेचे व्रण असलेली किंवा जुन्या भाजल्याची कातडी असेल तर ते सुखाचे होते. परंतु ते लवकर झिजते.

पॉलियुरेथेनचे अस्तर दाबाखाली हळूहळू सरकून भार वाटून देते. नाजूक कातडीला ते चांगले, पण ते वजनाला जड असते.

जाडी बहुधा ३, ६ किंवा ९ मिलिमीटर असते. जाड अस्तर म्हणजे अधिक सुख, असे समजू नये. फार जाड अस्तरात उरलेला पाय गादीवर उभे राहिल्यासारखा डुलतो, आणि चालणाऱ्याला पावलावरचा विश्वास वाटत नाही. तसेच पिनच्या रचनेत पाय उचलताना टोकाची कातडी खाली ओढली जाते. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी हवा बाहेर टाकणारी झडप आणि हवाबंद कडी असलेली रचना बरी पडते.

महाग ते चांगले, हाही भ्रम आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तेरा जणांनी जेलचे पिनवाले अस्तर आणि साध्या फोमचे अस्तर, अशी दोन्ही काही काळ वापरून पाहिली. शेवटी दहा जणांनी फोमचेच पसंत केले. ते अधिक वेळ पायात राहिले आणि त्यावर पावलेही अधिक पडली. यावरून फोम सर्वांना चांगला असा निष्कर्ष काढावयाचा नाही. तिघांना जेलच हवे होते. निष्कर्ष एवढाच की, निवड माणूस पाहून करावी, किंमतपत्रक पाहून करू नये.

आपल्या सवयींचा विचार येथेही हवा. नमाजात गुडघ्यावर बसावे लागते, पंगतीत मांडी घालावी लागते, कीर्तनाला जमिनीवर बसावे लागते. गुडघा पूर्ण वाकला म्हणजे अस्तराच्या घड्या गुडघ्यामागे गोळा होतात आणि तेथे चिमटा बसतो. मागील बाजूस पातळ असलेले किंवा आधीच थोडे वाकवून घडविलेले अस्तर मिळते. ते मागून घ्यावे. तंत्रज्ञासमोर नुसते उभे राहून पाय पारखू नये; त्याच्यासमोर बसून, उठून आणि जिना चढून दाखवावे.

सुधारणा कोणत्या चालू आहेत

घामावर उपाय म्हणून अस्तरात बारीक छिद्रे पाडण्याची कल्पना इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात आली आहे. चालताना सॉकेटमध्ये जो दाब कमीजास्त होतो त्यानेच घाम छिद्रांतून बाहेर ढकलला जातो.

दुसरी कल्पना वितळणाऱ्या पदार्थाची. बर्फ वितळत असताना उष्णता घेतो, तरी त्याचे तापमान शून्यावरच राहते, हे आपण शाळेत शिकतो. कातडीच्या तापमानाजवळ वितळणारे मेणासारखे कण अस्तरात मिसळले, तर वितळताना ते कातडीची उष्णता शोषून घेतात. पण येथे विचार करावयास हवा. सर्व कण वितळले की त्यांचे काम थांबते, आणि ते पुन्हा गोठण्यासाठी बाहेर गारवा लागतो. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. भर दुपारी चारमिनारजवळ हातगाडी लावणाऱ्याला तो थोडाच वेळ पुरेल. म्हणून आपल्या हवेत वापरावयाची वस्तू आपल्याच हवेत पारखली पाहिजे.

तिसरी दिशा प्रत्येकाच्या मापाने घडविण्याची. सिएरा लिओन या आफ्रिकी देशातील यादवी युद्धात अनेकांचे हातपाय तोडले गेले. तेथे वाढलेल्या डेव्हिड सेंगे या तरुणाने पाहिले की, कृत्रिम पाय मिळूनही लोक ते घालीत नाहीत, कारण सॉकेट टोचते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, ज्यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ साली हिमदंशाने गेले त्या प्राध्यापक ह्यू हर यांच्याजवळ त्याने अभ्यास केला. शरीराच्या आतील चित्रांवरून कोठे मांस मऊ आहे आणि कोठे हाड वर आहे हे मोजावयाचे, आणि मग छपाईयंत्राने असे सॉकेट घडवावयाचे की जेथे अंग कठीण तेथे सॉकेट मऊ आणि जेथे अंग मऊ तेथे ते कठीण, अशी त्याची पद्धत होती. सेंगे पुढे आपल्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. आपल्या हैदराबादेतही संगणक, छपाईयंत्रे आणि हुशार मुले यांची वाण नाही. या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधले पाहिजे.

रोजची काळजी

सर्वांत उत्तम अस्तरही निगेशिवाय त्रासाचे होते. पुढील गोष्टी पाय वापरणाऱ्याने आणि घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात.

अस्तर कधी ओढून चढवू नये. ते पूर्ण उलटे करावे, तळ उरलेल्या पायाच्या टोकाला हवा न राहील असा टेकवावा आणि मग वर गुंडाळीत न्यावे. पिन सरळ खाली आली पाहिजे.

रोज रात्री अस्तर सौम्य साबणाने आतून धुवावे, साबण पूर्ण काढावा आणि सावलीत वाळवावे. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. दोन अस्तरे असतील तर आलटून पालटून वापरावीत.

उरलेला पायही शक्यतो रात्री धुवावा. सकाळी धुवावयाचा झाल्यास, किंवा वजू अथवा स्नानाने तो भिजल्यास, पूर्ण कोरडा झाल्यावरच अस्तर चढवावे. तेल, मलम लावून लगेच पाय घालू नये. तेथील केस वस्तऱ्याने काढू नयेत.

उन्हाळ्यात दुपारी एकदा पाय काढून घाम पुसावा. पिशवीत एक लहान टॉवेल आणि एक-दोन मोजे नेहमी असावेत.

रात्री कातडी नीट पाहावी. मागची बाजू आरशात पाहावी. पाय काढल्यावर लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली तर काळजी नाही. ती राहिली, किंवा फोड आला, तर पाय घालणे थांबवून तंत्रज्ञाकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी याबाबतीत आळस करू नये. त्यांच्या कातडीची जाणीव कमी झालेली असते. जखम होते, पण दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहणे त्यांना परवडत नाही.

देणाऱ्यांसाठी दोन शब्द

जेलचे किंवा सिलिकोनचे अस्तर रोजच्या वापरात साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. परदेशी अस्तराची किंमत दहा हजार रुपयांच्या पुष्कळ वर जाते. म्हणजे ज्या गरिबाला आपण एकदा असा पाय दिला त्याच्यासमोर वर्षभरात पुन्हा खर्च उभा राहतो, आणि तो झेपला नाही की पाय बाजूला पडतो. म्हणून देताना काही गोष्टी आरंभीच ठरवाव्यात असे सुचवावेसे वाटते.

पायाच्या संख्येबरोबर पुढील दोन वर्षांच्या अस्तरांची व मोज्यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी. ती होत नसेल तर महागड्या जेलऐवजी फोमचे अस्तर द्यावे. ते स्थानिक कार्यशाळेत पुन्हा बनविता येते. पाय दिल्यावर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्या माणसाला परत बोलवावे. त्याच्या येण्याजाण्याचे भाडेही द्यावे, कारण एक दिवसाची मजुरी बुडाली तर तो येणार नाही. तपासणी पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेल्या तंत्रज्ञाकडूनच करवावी. गरजूंना साहाय्यक साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. तिचे अर्ज भरून देण्याचे काम आपल्यातील शिक्षक आणि कारकून मंडळी सहज करू शकतील. आणि वार्षिक अहवालात किती पाय वाटले या आकड्याखाली आणखी एक आकडा छापावा: वर्षानंतर त्यांपैकी किती पाय रोज वापरात आहेत.

हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान निघेल. त्याने कोणी खट्टू होऊ नये. तो लहान का, हे शोधावयास निघालो की आपण त्या घरांत पुन्हा जाऊ, पलंगाखालचा पाय बाहेर काढून पाहू, आणि कोठे मोज्याचा एक जोड, कोठे नवे अस्तर, कोठे तंत्रज्ञाची अर्ध्या तासाची भेट, असे जे हवे असेल ते देऊ. पुढच्या महोत्सवापर्यंत हे दोन आकडे जवळ आणता आले, तर महोत्सव सार्थकी लागला असे म्हणावयास हरकत नाही.